सौनाचं अर्धं छप्पर

एस्किल्स्टूना, ८ मार्च १९७६

हिल्काताई,

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. आपली सिनिक्का लग्न करतेय आणि मुलगा स्वीडिश आहे. उठलीस ना? बस परत.

नाव स्टाफान हालग्रेन. नगरपालिकेत नकाशे काढतो. दारू बेताची, बोलणं बेसुमार, पण मनाने सरळ आहे. उर्होला तो आवडलाय. उर्हो तसं म्हणाला नाही, पण त्याला जाताना मासे दिले, स्वतः पकडलेले. माझा नवरा आवडत नसलेल्या माणसाला मासा देत नाही.

आता खरी गोष्ट ऐक. सिनिक्का म्हणते, लग्न आपल्या गावी, कोर्पिवाराच्या चर्चमध्ये करायचं, आजी-आजोबा जिथे पुरलेत तिथे. मी भांडी विसळत होते, ती तशीच हातात राहिली. ही तीच पोरगी, जी इथे आल्या वर्षी बसमध्ये माझी बाही ओढून म्हणायची, "आई, हळू. लोकांना कळतंय आपण फिनिश आहोत ते." दहा वर्षांची होती. शाळेत पोरं चिडवायची, फिनिश माणूस म्हणजे कमरेला सुरी आणि खिशात बाटली. तेव्हापासून तेरा वर्षं मी इथल्या बसमध्ये कुजबुजतेच. घरातही मी आपल्या भाषेत विचारायचं आणि तिने स्वीडिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. आणि आज तीच म्हणते, मला तिथे लग्न करायचंय. ताई, हे लग्न तिथेच व्हायला हवं. मला दुसरं काही नको.

अडचण आहे ती मुलाच्या वडिलांची. सिक्स्टेन त्यांचं नाव. स्टेशनमास्तर होते, आता निवृत्त, बायको वारली. परवा आमच्याकडे कॉफीला आले. उर्होला म्हणाले, "पोरांनी कुठे घर करावं असं तुला वाटतं?" (हो, 'तू'. इथे आता सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, त्यात अपमान नसतो.) उर्हो विचार करू लागला. तुला माहीतच आहे तो कसा विचार करतो. सिक्स्टेन वाट पाहून पाहून लाल झाले, "माफ कर, मी विचारायला नको होतं" म्हणाले आणि हवेपाण्यावर बोलत सुटले. ते गेल्यावर उर्हो म्हणतो, "भला माणूस आहे, पण उत्तराला थांबत नाही." आणि सिक्स्टेननी घरी जाऊन मुलाला सांगितलं, "त्या लोकांना आपण आवडलो नाही."

सिनिक्काने बजावलंय, दोन्ही घरं एका टेबलाशी नीट बसणार असतील तर कोर्पिवारा. नाहीतर नगरपालिकेत दोन सह्या, आणि कोणालाच बोलावणार नाही. ताई, काहीतरी कर.

तुझी ताइमी


कोर्पिवारा, २१ मार्च

ताइमे,

बसले, उठले, परत बसले. स्वीडिश जावई! बाबा असते तर आठवडाभर बोलले नसते. एरवीही बोलत नसत, तेव्हा फरक कळला नसता म्हणा.

आम्हा अडाण्यांना स्वीडिश माणसाविषयी माहीत ते एवढंच: पाव गोड, बोलणं गोड, आणि काम? आधी सभा, मग कॉफी, मग पुन्हा सभा. पण पोरीचं मन बसलंय तर माझी ना नाही.

तोइवोला सांगितलं. तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी धार काढता काढता म्हणाला, "मग सौनाचं छप्पर नवं करायला हवं." याचा अर्थ माझ्या नवऱ्याला आनंद झाला, तू उर्होची बायको आहेस, तुला सांगायला नको. पाहुण्यांना गळक्या छपराखाली वाफेची आंघोळ घालायची नाही, एवढी अब्रू आम्हालाही आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इर्जिक घालते. शेजारचे सहाजण येतील, दिवसभर ठोकतील, मी सॅमन माशाचं सूप आणि वेलचीचा पाव करीन, संध्याकाळी छप्पर तयार. त्याच वेळी पोरं पाद्रीबाबांना भेटायला येऊ देत, आणि तुझ्या स्टेशनमास्तरांनाही घेऊन येऊ देत. चार घास पोटात गेले की माणूस माणसाला आवडतो. जुलैत तुमच्या कारखान्याची सुट्टी लागली की लग्न.

हिल्का


एस्किल्स्टूना, १२ एप्रिल

ताई,

येतायत! सिक्स्टेन यायला तयार झालेत. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांना सांगितलं म्हणे, जपून राहा, तिकडे लोक सुऱ्या घेऊन फिरतात. स्टाफान म्हणाला, "हो, मासे कापायला." तरी तयार झाले. मला आणि उर्होला रजा नाही, म्हणून तुझ्या कानात चार गोष्टी घालते, हसू नकोस.

ते आभार मानतात. कॉफीचे, पावाचे, मीठ पुढे सरकवल्याचे. जेवून उठताना मानतात आणि पुढच्या वेळी भेटले की आधी "मागच्या वेळेबद्दल आभार" म्हणतात, मग बाकीचं. तू निदान मान हलव. आणि बोला गं! तुम्ही गप्प बसलात की तुमचं त्यांच्याशी वाकडं आहे असं त्यांना वाटतं. तोइवोला म्हणावं, दिवसातून दोन वाक्यं. कॉफी जरा करपलेलीच भाज, आपल्या कॉफीला ते गरम पाणी म्हणतात. सौनात आग्रह करून नेऊ नका, त्यांना आपल्यासारखं उघडंवाघडं बसायची सवय नाही. कोणी ओढत नेलं तर घाबरतील.

म्हणजे थोडक्यात, आग्रह नको पण दुर्लक्षही नको. जमेल ना?

ताइमी


कोर्पिवारा, १ जून

ताइमे,

जमलं नाही. आणि या खेपेला दोष माझा नाही, हे आधीच सांगते.

शुक्रवारी आले. हलवून हलवून माझी मान दुखली. कॉफी करपवली, ती माझ्याच घशाखाली उतरेना. तोइवो एक सोडून तीन वाक्यं बोलला. त्यातलं एक गाईला होतं, पण पाहुण्यांसमोर. स्टाफान गोड पोरगा आहे. आल्याआल्या लाकडं आणायला धावला, कारण सिनिक्काने त्याला डोळ्याने खुणावलं, ते मी पाहिलं.

शनिवारी इर्जिक. पोरं सकाळीच पाद्रीबाबांकडे गेली, म्हणजे दुभाषा कोणी नाही. शेजारी आले, शिडी लागली, छपरावर बसवायच्या लाकडी चिपांचे गठ्ठे उघडले, हातोडे बाकावर मांडलेले, खिळे डब्यात. आणि आपले व्याही? सौनापाशी आले, सगळ्यांकडे बघून हसले, तोइवोला काहीतरी बोलले आणि जाऊन ओंडक्यावर बसले. थोड्या वेळाने उठले, हात मागे बांधून फेरी मारली, वर बघितलं, पुन्हा बसले. दुपारपर्यंत हेच. एक चिप उचलली नाही, एक खिळा दिला नाही! पलीकडचा ऱ्याहा म्हातारा पक्षाघाताने लंगडतो, तोसुद्धा खिळे सरळ करत बसला होता. त्यानेच मला विचारलं, "हे साहेब तपासणीला आलेत का गं?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूप प्यायला बोलावलं तर टेबलाच्या अगदी टोकाला बसले, अर्धी वाटी घेतली आणि आभार मानले. कशाचे? रविवारी पहिल्या बसने तिघंही गेले. जाताना पुन्हा आभार.

हातोडा समोर पडलेला असताना जो माणूस हात मागे बांधून बसतो, त्याच्या घरात आपली पोर जाणार. मी लग्न करून देईन, सूप करीन, पण त्या माणसाशी मला बोलायला लावू नकोस.

हिल्का


एस्किल्स्टूना, ७ जून

हिल्काताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सिनिक्का घरी येऊन म्हणाली, "आई, कोर्पिवारा रद्द. नगरपालिकेची तारीख घेतोय." आणि मग मला जे कळलं ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण मला ते एकटीला पेलत नाही.

सिक्स्टेन इथून निघताना पिशवीत स्वतःचे कातडी हातमोजे घेऊन निघाले होते. इर्जिक आहे हे कळल्यापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. स्टेशनातल्या सगळ्या कोठारांची छपरं त्यांनी स्वतः शाकारलेली आहेत. बोटीवर सुद्धा स्टाफानला चिपा कशा एकावर एक चढवायच्या ते समजावत होते. शनिवारी सकाळी त्यांनी तोइवोला विचारलं, मी मदत करू का? हाताने ठोकल्याची खूणही केली. तोइवो आकाशाकडे बघत राहिला आणि काहीच बोलला नाही. त्यांनी तो नकार समजला. तरी ओंडक्यावर बसून वाट पाहिली, उठून फेरी मारली, कोणाचं तरी लक्ष जाईल म्हणून. हातमोजे खिशातच होते. घरी आल्यावर मुलाला एवढंच म्हणाले, "त्या छपरावर लंगड्या म्हाताऱ्याला जागा होती, मला नव्हती."

इथे दुसऱ्याच्या हातोड्याला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत, ताई. ते त्याचं काम हिसकावून घेतल्यासारखं होतं. मला हे कारखान्यातल्या पहिल्या आठवड्यात कळलं. शेजारणीच्या मशीनखाली कचरा होता, मी आपला झाडू घेऊन काढून टाकला, तर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी तुला आभार, कॉफी, सौना, सगळं लिहिलं आणि हेच लिहायचं विसरले.

सिनिक्का म्हणते, "तुम्ही दोन्हीकडचे चांगले आहात आणि मी दोन्हीकडचं समजावून थकले." हेही स्वीडिशमध्येच म्हणाली. मी संडासात जाऊन रडले, उर्होला दिसू नये म्हणून. तर तो दाराबाहेर येऊन उभा राहिला. 

ताइमी


कोर्पिवारा, १३ जून

ताइमे,

पत्र जेवताना आलं. मोठ्याने वाचलं. "मला नव्हती" इथपर्यंत आले आणि तोइवोने चमचा खाली ठेवला.

मी म्हटलं, "अरे, त्याने विचारलं तर तू गप्प का राहिलास?"

खूप वेळाने म्हणाला, "त्याचे हात मोठे आहेत. कुठला हातोडा त्याला नीट बसेल, ते ठरवत होतो. ठरलं, तोवर तो जाऊन बसला."

"मग उठवायचं!"

"बसलेल्या माणसाला काम कसं सांगायचं? त्याची कंबर दुखत असली तर?"

आणि खरंच गं, इथे कोण कोणाला सांगतं? 'ये, काम कर' म्हणणं म्हणजे तुला दिसत नाही का आंधळ्या, असं म्हणणं. ज्याला करायचं तो करतो. मी त्या माणसाला दिवसभर आळशी म्हटलं, आणि त्याच्या खिशात हातमोजे होते. तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर येतंय.

आता काल काय झालं ते ऐक. अंगणातून ठोकाठोकी ऐकू आली. बघते तर तोइवो सौनावर चढून तलावाकडच्या बाजूच्या चिपा उपटतोय. नव्याकोऱ्या!

"वेड लागलं का तुला?"

"ही बाजू नीट बसली नव्हती."

"बसली होती! मी पाहिली!"

"नव्हती."

अर्धं छप्पर उघडं केलं, चिपा ओळीने रचून ठेवल्या, खाली उतरला आणि कागद मागितला. लग्नाआधी मलाही या माणसाने कधी पत्र लिहिलं नव्हतं. सोबत घातलंय. सिनिक्काला म्हणावं, सासऱ्यांना वाचून दाखव. मजकूर एवढाच:

"हालग्रेन, सौनाचं छप्पर अर्धं राहिलंय. तलावाकडची बाजू. दोन माणसांचं काम आहे. तुमचे हातमोजे घेऊन या, अशी विनंती आहे. तोइवो."

'विनंती' लिहायला त्याला अर्धी दुपार लागली. आता पावसाने कृपा करावी म्हणजे झालं.

हिल्का


एस्किल्स्टूना, २० जून

ताई,

सिनिक्काने उभ्याउभ्या चिठ्ठी वाचली. मग बसून वाचली. मग सायकल काढून सिक्स्टेनकडे गेली. परत आली ती गप्प. मी विचारलं, काय म्हणाले? "काही नाही. पत्राची घडी घालून खिशात ठेवली." मी विचारलं, मग? "मग काही नाही." उर्हो तर आधीपासूनच गप्प आहे. आता आमच्याकडे स्वीडिशसुद्धा गप्प बसायला लागलेत, मी बोलू कोणाशी?

थांबवलेलं पत्र पुढे लिहितेय. आत्ता तिच्या टेबलावर बोटीची तिकिटं दिसली. तीन आहेत. मध्य उन्हाळ्याच्या सणाला तुझ्याकडे पोचतील. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मेणबत्ती लावलीय खिडकीत, रात्रीच्याही एवढ्या उजेडात दिसत नाही ती, पण लावलीय.

ताइमी


कोर्पिवारा, २८ जून

ताइमे,

झोप आता सुखाने.

आठवडाभर तोइवो शाळामास्तरणीकडे जाऊन स्वीडिशचं एक वाक्य पाठ करत होता. "मागच्या वेळेबद्दल आभार." गोठ्यात म्हणायचा, होडीत म्हणायचा, गाय चमकून बघायची. शुक्रवारी बस यायच्या वेळी स्वच्छ सदरा घालून सौनापाशी जाऊन उभा राहिला. ओठ हलत होते.

तर तुझे सिक्स्टेन आले. मला वाटलं, आता हात पुढे करतील, आभार मानतील. कसलं काय! फाटकातून आत, पिशवी गवतावर, खिशातून हातमोजे काढून चढवले, बाकावरचा मोठा हातोडा उचलला आणि सरळ शिडीवर. ना नमस्कार ना चमत्कार! तोइवो तोंड उघडं टाकून खाली उभा, वाक्य जिभेवरच राहिलं. नंतर कळलं, सिनिक्काने त्यांना बोटीवर पढवलं होतं, तिथे विचारायचं नसतं, उचलायचं असतं. रात्रभर म्हणत होते म्हणे, "पण न विचारता? खरंच न विचारता?" शिडी चढताना त्यांचे कान लालबुंद झाले होते, ते मी खालून पाहिले.

मग काय, तोइवोही चढला. हातोडा त्यांच्या हाताला बरोबर बसला. तोइवोने तो निवडूनच बाकावर ठेवला होता. काम तर असं सुबक की ऱ्याहा म्हातारा दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला आला. आपल्या भाषेतला एकच शब्द व्याह्यांनी उचललाय, 'खिळा'. तो इतक्या जोरात ओरडतात की तलावापलीकडे ऐकू जातो. "खिळा!" की तोइवो खिळा देतो. "खिळा!" की दुसरा. एकदा चिप हवी होती तरी खिळाच मागितला. तोइवोने न बोलता चिप दिली.

संध्याकाळी पहिली आंघोळ. मी आग्रह केला नाही हो, तुझी शपथ. आपणहून गेले. तोइवो, ते आणि स्टाफान. पुढचं स्टाफानने सांगितलं. बराच वेळ तिघंही गप्प. मग अंधारातून तोइवो एकदम म्हणाला, "मागच्या वेळेबद्दल आभार." सिक्स्टेननी उत्तर दिलं नाही. विचार करत राहिले. स्टाफान म्हणतो, माझ्या वडिलांना इतका वेळ गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पळी उचलली आणि दगडांवर पाणी ओतलं. बस्स. बाहेर आले तेव्हा दोघं लाल झालेले आणि खूश होते. मी नंतर डोळे पुसले, ते सौनाच्या धुरामुळे नव्हे. सरळ सांगते, आनंदाने रडले.

सतरा जुलै पक्की. पाद्रीबाबांना कळवलं. सिनिक्का लग्नापर्यंत इथेच राहतेय. तिचं पत्र वेगळं येईल. मी म्हटलं, दाखव, चुका सुधारून देते. तर म्हणाली, "नको मावशी, असू देत."

हिल्का

ता. क. येताना ती करपट कॉफी आण. व्याही दुधासारखी माझी कॉफी पितात आणि आभार मानतात, मला बघवत नाही.


कोर्पिवारा, २९ जून

आई,

हे पत्र मी आपल्या भाषेत लिहिते आहे. चुका असतील. मावशीला दाखवलं नाही, कारण हे तुझ्याशी बोलणं आहे.

तुला छपराचं सगळं कळलं असेल. मला एकच सांगायचं आहे. शुक्रवारी सिक्स्टेन वरून ओरडत होते, "खिळा! खिळा!" त्यांचा उच्चार तर असा वाईट आहे की बास. तलावापलीकडची बाई घराबाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघायला लागली. मी पळत शिडीपाशी गेले. मी त्यांना म्हणणार होते, हळू, लोक ऐकतायत. शब्द तोंडात आला होता. आणि मी तिथेच थांबले, आई. तो शब्द मी आधी कोणाला म्हणायचे ते मला आठवलं. ते आपले वर बसून ओरडत होते, खूश होते, त्यांना काही वाटत नव्हतं. मी शिडी धरून उभी राहिले आणि रडले. तोइवोकाकांनी वरून पाहिलं आणि खिळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. 

तुमची बस चौदा तारखेला चार वाजता चर्चपाशी येते. मी स्टॉपवर उभी असेन. बाबांना म्हणावं, सावकाश उतरा, मी थांबते. आणि तू उतरायच्या आधी, बस वळली की लगेच, खिडकीतून मला हाक मार. मोठ्याने मार, आई. सगळ्या बसला ऐकू जाऊ दे.

तुझी सिनिक्का